व्हायकिंग, मुक्काम सोनपेठ

शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांनी हुकूम वाचला. आजपासून शिकवणं मराठीत होईल, असं त्यात लिहिलं होतं. मास्तर उभे होते, मुलं उभी होती. हुकूम वाचून झाला आणि मुलं वर्गात गेली.

मी त्याच सकाळी रुजू झालो होतो. निजामाचं राज्य संपून वर्ष व्हायचं होतं. सोनपेठच्या शाळेत तोवर सगळं उर्दूत शिकवलं जाई. मराठी शिकवायला बाहेरून माणसं आणावी लागली, त्यात वऱ्हाडातून मी आलो. वरांड्यात उभा होतो, काखेत छत्री होती. काळ्या शेरवानीतले एक उंच गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, छत्रीपाशी नजर थांबवली आणि निकाल दिल्यासारखं म्हणाले, “सॅक्सन.”

“काय म्हणालात?”

“तुमी सॅक्सन हाव. आभाळात ढग न्हाई आन् छत्री घेऊन आलाव. व्हायकिंग भिजत येतो.”

हे अंबादास मास्तर. इतिहास शिकवायचे. पुढची दहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं आणि त्यांच्या घरी जेवलो. दहा वर्षांत त्यांनी माझी जात बदलली नाही.

माणसांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या. हजार-अकराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात सॅक्सन लोक शेती करून राहत आणि समुद्रापलीकडून व्हायकिंग लोक लांब होड्यांतून येऊन त्यांना लुटत, इतका इतिहास खरा. मास्तरांनी तो सोनपेठला लागू केला होता. दिवस मावळायच्या आत दाराला कडी लावणारा तो सॅक्सन. कुठं चाललो हे घरात न सांगता निघणारा तो व्हायकिंग. किराणा दुकानदार सॅक्सन. पोस्टाची थैली आणणारा हरकारा व्हायकिंग. हेडमास्तरांबद्दल ते म्हणत, “मिशा व्हायकिंगाच्या, बाकी आख्खा सॅक्सन.” बाजारात बैल बघायला गेले तरी आधी जात ठरवत, दात नंतर बघत. लोक हसत, पण एखादा शेतकरी हळूच विचारी, “मास्तर, ह्यो पांढरा कसा वाटतो?”

“व्हायकिंग हाय. दावं तोडंल.”

आणि त्या बैलानं खरंच दावं तोडलं, असं सांगणारे दोघे-तिघे मला भेटले आहेत.

हे खूळ एका पाठ्यपुस्तकातून आलं होतं. निजामाच्या शाळांतून इंग्लंडच्या राजांचा इतिहास उर्दूत शिकवावा लागे. मास्तरांनी तो अठरा वर्षं शिकवला. राजामागून राजा येई, मुलं पेंगत. मधे दोन पानं व्हायकिंगांची होती. त्या दोन पानांवर मुलं जागी होत, म्हणून मास्तरांनी ती दोन पानं वाढवत वाढवत तीन महिने पुरवली. कधीतरी मग वर्गात लढाया सुरू झाल्या. पूर्वी सॅक्सन त्यांच्या वर्गात आणि व्हायकिंग शेजारच्या वर्गात असत, असं मोठी मुलं सांगत. शेजारचा वर्ग आता माझा होता. पहिल्याच दिवशी एका मुलानं उठून विचारलं, “गुरुजी, आपुन व्हायकिंगच राहायचं का?” मला काही कळलं नाही. मी कविता शिकवायला घेतली.

हुकमानं सगळ्यांत जास्त अडचण झाली ती मास्तरांची. मराठी त्यांची मायबोली. पण त्या भाषेत त्यांनी आजवर भाकरी मागितली होती, इतिहास शिकवला नव्हता. फळ्यासमोर उभे राहिले की मराठीत चार वाक्यं जात आणि पाचव्याला उर्दूची वाट धरावी लागे. “तर मुलांनो, सॅक्सन बादशहाची फौज, म्हणजे सैन्य, ते सगळं तबाह, म्हणजे... काय म्हणावं... लय वाईट झालं.” मुलांना ते चांगलं समजे. अडखळले की ते “किस्सा मुख्तसर” म्हणत, म्हणजे थोडक्यात सांगायचं तर. ते शब्द कानावर आले की मी घड्याळ बघे. त्यानंतर ते कधीही पाऊण तासाच्या आत थांबले नाहीत.

त्याच पावसाळ्यात एक दिवस जेवताना ते मला म्हणाले, “एक पुस्तक लिवायलोय. मराठीत. पोरांसाठी. सॅक्सन आन् व्हायकिंगाचं.”

त्यांच्या पत्नी राधाकाकू चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे आता त्ये समुद्रावरचे पाव्हणे घरातबी येणार. भाकऱ्या कुनी थापायच्या?”

“पोरांना मराठी वाचा म्हणायलोत,” मास्तर मला म्हणाले, “पर वाचायला देयलोत काय? व्याकरण. एक पुस्तक छापून पाहिजे. येवढं छापून झालं की मी सुटलो.”

कशातून सुटलो, ते मी तेव्हा विचारलं नाही.

गोष्ट साधी होती. व्हायकिंग लोक सॅक्सनांचं एक गाव लुटतात. पळापळीत त्यांचा एक पोरगा जखमी होऊन मागं राहतो. त्याचं नाव स्वेन. ओस्विन नावाचा सॅक्सन पोरगा त्याला धान्याच्या पेवात लपवतो. गावाला कळू न देता त्याला जगवणं हेच पहिल्या सहा प्रकरणांतलं धाडस. पुढं लढाया होत्या, वादळ होतं, आगी होत्या. इंग्लंडात पेव असतं का, असं मी विचारलं.

“जवारी ठेवायला काय करत असतील मग?”

“तिकडं ज्वारी नसेल, मास्तर.”

ज्वारी नसलेल्या मुलखाची त्यांना मनापासून कीव आली असावी. पेव तसंच राहिलं.

शब्दांसाठी ते माझ्याकडे येत आणि वस्तूंसाठी गावात फिरत. कुऱ्हाडीची लढाई लिहायची तेव्हा लोहाराकडे दोन दिवस बसले. “ह्या कुऱ्हाडीनं ढाल फुटंल का?” लोहार म्हणाला, “ढाल आणा, सांगतो.” उत्तरेची थंडी कशी असते हे विचारायला ते मेंढरांमागं हिंडणाऱ्या एका धनगराकडे गेले. त्यानं अंगावरचं घोंगडं काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “हे ल्याल्यावर थंडी कळत न्हाई. न्हाई ल्यालं तर सांगाय माणूस ऱ्हात न्हाई.” हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं व्हायकिंग सरदाराच्या तोंडी घातलं.

राहिला समुद्र. तो त्यांनी पाहिला नव्हता, मीही नव्हता. एका रविवारी मला घेऊन ते गंगेवर गेले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथल्या भोयाच्या नावेत बसून वल्हं हातात घेतलं आणि शेरवानीची बटणं काढून ते ओरडले, “मी व्हायकिंग हाय, सॅक्सनांच्या मुलखावर चाललो!” नाव जागच्या जागी तीनदा फिरली.

भोई म्हणाला, “मास्तर, आशानं सॅक्सन म्हातारे व्हतील.”

“समुद्र कसा आसंल रे?”

“पूर आला की या. पल्याड दिसत न्हाई त्या दिशी. तसाच आसंल.”

पूर आला तसे ते गेले. परत आले ते चिखलानं भरलेले आणि अतिशय आनंदात. पुढच्या प्रकरणात उत्तर समुद्रात वादळ झालं आणि त्या वादळात बाभळीची झाडं, एक पाळणा आणि कडब्याची गंजी वाहून आली. गंजीवर एक कोंबडा बसलेला होता.

मी म्हणालो, “मास्तर, भर समुद्रात कडबा कुठून येईल?”

“कुणाचा तरी वाहून आला आसंल. मी डोळ्यानं बघितला की.”

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एकेक प्रकरण मुलांना वाचून दाखवत. माझी मुलंही तिकडे जात. त्यांच्या पुस्तकातले व्हायकिंग सोनपेठची भाषा बोलत. लढाईहून परतलेला सरदार नाव काठाला लावून म्हणे, “लय भूक लागलीय.” मी सुचवलं की वीरपुरुषाला जरा भारदस्त बोलू द्यावं.

“भूक लागल्यावर काय म्हणतो मग वीरपुरुष?”

मुलं मात्र “लय भूक लागलीय” ऐकायला थांबत. ते वाक्य आलं की सगळी मिळून म्हणत.

चार वर्षांत चौदा प्रकरणं झाली, एका वहीत एक. मास्तरांनी परभणीच्या एका जिल्दसाजाकडून त्या वह्या एकत्र बांधून आणल्या, लाल कापडी पुठ्ठा घालून. मी ते बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. अडीच महिन्यांनी पत्र आलं. मास्तरांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

प्रकाशकांनी लिहिलं होतं: ‘आपला नायक आरंभीच तह करून मोकळा होतो. मग लढाया होतात. त्यानंतर तो आपल्या मित्राला पेवात घालतो, पुढं त्याची ओळखही विसरतो आणि अखेरच्या प्रकरणात इतका लहान होतो की आई त्याला घास भरवते. हे तंत्र धाडसी आहे. परंतु बालवाचकांना झेपेल असे वाटत नाही.’

मग मी बाड मागवून घेतलं आणि पाहिलं. जिल्दसाजाची हयात उर्दू किताबं बांधण्यात गेली होती. त्यानं वह्या त्याच्या रिवाजानं लावल्या होत्या, पहिली उजव्या टोकाला आणि चौदावी डाव्या. वह्यांवरचे आकडेही उर्दू होते, ते पुण्यात कोण वाचणार? मास्तरांनी बाड हातात घेतलं तेव्हा तेही उजवीकडूनच उघडलं होतं. पहिली वही पहिली लागली, ते खूश झाले होते.

“मराठी पुस्तक डावीकडून उघडतात, मास्तर.”

त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले. काकू दारातून म्हणाल्या, “हुकूम सगळ्यांना वाचून दावला, ह्येंच्या हातांना तेवढा वाचायचा ऱ्हायला.”

वह्या उसवून पुन्हा बांधल्या आणि पुन्हा पाठवल्या. या खेपेला पत्र लवकर आलं. पुस्तक घ्यायला प्रकाशक तयार होते. तीन गोष्टी बदलायच्या होत्या. भाषा शुद्ध करावी. समुद्रातला कडबा काढावा. आणि शेवटचं प्रकरण नवं लिहावं. मास्तरांच्या शेवटी तह होतो, व्हायकिंगांच्या नावा परत निघतात आणि स्वेन मागं राहतो, ओस्विनच्या गावात. प्रकाशकांचं म्हणणं, शत्रूचा मुलगा शेवटी आपल्या देशी जावा. वाचकाला निरोपानं हुरहूर लागते आणि विजयही पुरा होतो.

भाषेला मास्तर दोन दिवसांत कबूल झाले. कडब्याला आठ दिवस लागले. कोंबडा तरी ठेवतील का, असं विचारून झालं. मग ते शेवटच्या प्रकरणाला बसले. त्या पंधरवड्यात वर्गात लढाई झाली नाही, आणि कुणाला सॅक्सन किंवा व्हायकिंग म्हटलेलं मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “टाका पोस्टात.”

पोस्टाच्या पायरीवर बसून मी ती वाचली. नाव निघते. स्वेन नावेत चढतो. ओस्विन त्याची पेटी उचलून देतो. दोघं काही बोलत नाहीत. नाव लहान होत जाते. त्यांनी लिहिलेल्यात इतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. एकही उर्दू शब्द आडवा आला नव्हता आणि त्यांच्या नेहमीच्या गमतीही नव्हत्या. पाकिटावर पत्ता घालत होतो, तेवढ्यात मास्तर शेरवानी न घालता रस्त्यानं पळत येताना दिसले. पन्नाशीचा माणूस शाळेच्या मुलांदेखत पळत होता. त्यांनी माझ्या हातून वही ओढून घेतली.

“तो जाणार न्हाई,” ते म्हणाले.

मी त्यांच्या मागोमाग घरी गेलो. मला रागच आला होता. म्हणालो, “मास्तर, पुस्तक छापून हवं होतं ना तुम्हाला?”

“पाहिजे.”

“मग जाऊ द्या की त्या पोराला. कागदावरचा पोरगा तो.”

ते आत गेले. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

“कागदावरचा न्हाई त्यो, भावजी,” त्या म्हणाल्या. “हमीद मास्तर हाय त्यो.”

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकूंनी ताटावरून नजर न काढता सांगितलं.

“तुमच्या वर्गावर व्हते. भूगोल शिकवायचे. चौदा साल. मदी येक भित. हे हिकडून सॅक्सन, ते तिकडून व्हायकिंग. भितीवर डस्टर आपटून लढाई. येकदा तर भितीचा गिलावा पडला, आन् दोघं मिळून लिंपायला बसले, पोरं हासायलीत. मंग पोलीस ॲक्शन झालं. हमीद मास्तराच्या भावांनी कराचीचं ठरवलं. ते आठ दिस रोज हितं येऊन बसायचे. जातो म्हनायचे न्हाईत, ऱ्हातो म्हनायचे न्हाईत. नुसते बसायचे. मी च्या द्यायचे. हे बोलायचे न्हाईत, तेबी बोलायचे न्हाईत.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “परभणीच्या टेसनावर ह्येंनी ट्रंक उचलून दिली. पर ऱ्हा म्हनाले न्हाईत.”

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते.

“कसं म्हणू?” ते म्हणाले. “तवाचे दिवस तुमी बघितले न्हाईत. ऱ्हा म्हणलं असतं आन् उद्या त्याला काही झालं असतं तर? मी कोण ठेवून घेणार? किस्सा मुख्तसर...” पण या वेळी पुढं किस्सा आला नाही. ते म्हणाले, “मी सॅक्सन माणूस, भाऊ. दिवस मावळायच्या आत कडी लावली.”

त्यांनी आतून एक पोस्टकार्ड आणून दाखवलं. कराचीहून आलेलं, उर्दूत. मला वाचता येत नव्हतं, त्यांनीच वाचलं. खुशालीच्या चार ओळी होत्या आणि खाली एक प्रश्न: ‘सोनपेठमध्ये आता व्हायकिंग कोण आहे?’

“ह्याचं उत्तर लिवायला बसलो,” मास्तर म्हणाले. “येक ओळ सुचली न्हाई. मग ह्या चौदा वह्या झाल्या.”

पुण्याला मी नकार कळवला. त्यांनी तो सभ्यपणे स्वीकारला. पुढं दोन वर्षं मास्तर पुस्तकाविषयी बोलले नाहीत. मुलं मात्र शनिवारी वह्या वाचून घेत. मग परभणीतल्या एका छापखान्यानं मराठी अक्षरांचे खिळे आणले. मालक मास्तरांच्याच वर्गात शिकलेला, म्हणजे जुना सॅक्सन. लग्नपत्रिकांच्या हंगामातून वेळ काढून त्यानं पुस्तक छापलं, डावीकडून उघडणारं. कडबा होता, कोंबडा होता, ‘लय भूक लागलीय’ होतं. शेवटच्या पानावर नावा निघतात, स्वेन वाळूत उभा असतो आणि ओस्विन त्याला एकच शब्द म्हणतो: “ऱ्हा.” स्वेन नावांकडे पाहतो, मग गावाकडे पाहतो आणि विचारतो, “जेवायला काय हाय?”

आमच्याकडची मुलं त्यावर मराठी वाचायला शिकली, हे मी पाहिलं आहे. कुठल्याही हुकमानं झालं नसतं इतक्या लवकर शिकली. वर्गातल्या लढाया पुन्हा सुरू झाल्या आणि भिंतीच्या या बाजूनं मी व्हायकिंगांचा सरदार झालो. मास्तरांनी तेवढी सवलत मला तात्पुरती दिली.

पहिली प्रत त्यांनी कराचीला पाठवायला कागदात गुंडाळली. काकू म्हणाल्या, “हमीद मास्तराला मराठी बोलाय येत व्हती. वाचाय कुटं येत व्हती?”

मास्तरांनी पुस्तकावरचा कागद सोडला. मग हसले. मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या वह्या आणल्या आणि तेच पुस्तक पहिल्यापासून उर्दूत लिहायला बसले. उर्दूत त्यांचा हात झरझर चाले. शब्द विचारायला माझ्याकडे यावं लागत नव्हतं, तरी येत आणि वाचून दाखवत. मला निम्मं कळे. कडब्याच्या गंजीपाशी आले की थांबून म्हणत, “ह्यो कोंबडा वाचून हमीद लय हासंल.” बारावी वही संपली त्या आठवड्यात त्यांना ताप आला. माघात ते गेले. दहनाला गाव आलं होतं. लोहार होता आणि गंगेवरचा भोईही होता.

उरलेलं मी लिहून देतो, असं हेडमास्तर म्हणाले. त्यांचं उर्दू उत्तम आहे. काकूंनी नको सांगितलं. त्या मला म्हणाल्या, “शेजारच्या वर्गातल्यानं लिवावं. येत नसंल तर शिकावं. ह्ये न्हाई का मराठी शिकले?”

तेराव्या प्रकरणात लढाई आहे. चौदाव्यात फारसं काही घडत नाही, दोन मुलं किनाऱ्यावर बोलतात. ही दोन प्रकरणं उरली आहेत. मी उर्दू लिहायला शिकतो आहे.